अठरावा चमचा

माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शोधून काढल्याचा आव आणायला नको. दुधाच्या बाटलीवरची तारीख मी दोनदा वाचते. अवधूत, म्हणजे माझा नवरा, "निघालोच" म्हणाला की तो अजून खुर्चीतून उठलेला नाही हे मी धरूनच चालते. नोकरीही तशीच मिळाली आहे. लीड्समधल्या एका इन्शुरन्स कंपनीत लोकांचे क्लेम खरे की बनावट हे शोधायचं, हे माझं काम. अशा बाईच्या शेजारी लीलावती कारखानीस राहायला असाव्यात हा योगच म्हणायचा. कारण संशयाच्या बाबतीत काकू माझ्या दहा पावलं पुढे होत्या.

आमचं घर लीड्सच्या बाहेर, नव्या वसाहतीत आहे. पूर्वी ही सगळी जमीन हॉलोफील्ड नावाच्या सरकारी मनोरुग्णालयाची होती. दोन हजार पेशंट, स्वतःची शेती, स्वतःची लाँड्री, चर्च, नाचाचा हॉल, म्हणजे एक गावच. ते बंद पडल्यावर मुख्य इमारतीत महागडे फ्लॅट झाले आणि शेतावर आमच्यासारख्यांची घरं उभी राहिली. काकूंचं घर मात्र जुनं, स्टाफसाठी बांधलेल्या विटांच्या रांगेतलं शेवटचं. १९६२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्या मिरजेहून इथे स्टुडंट नर्स म्हणून आल्या आणि पुढची एकतीस वर्षं इथेच राबल्या. त्यांचे यजमान माधवकाका त्याच हॉस्पिटलात फार्मासिस्ट होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. एकुलता एक मुलगा नील स्लाऊला. म्हणजे त्र्याऐंशी वर्षांच्या काकू एकट्याच राहत होत्या.

आम्ही राहायला आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना पोह्यांना बोलावलं. पोहे उत्तम होते. खाऊन झाल्यावर अवधूत उठायला लागला, तर काकूंनी नुसता हात वर केला आणि तो पुन्हा बसला. मग त्यांनी सगळ्या बशांमधले चमचे गोळा केले, ड्रॉवरमधले बाहेर काढले, टेबलावर ओळीनं मांडले आणि बोटानं एकेक मोजला. "अठरा," त्या म्हणाल्या. "आता उठा." एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण दारात त्यांनी माझ्यापुढे हात केला आणि माझी पर्स उघडून आत पाहिली. डब्यात पेढे आहेत का बघावं इतक्या सहजपणे. अवधूत घरी येईपर्यंत हसत होता. माझा मात्र तिळपापड झाला होता.

पुढे कळलं की हा मान फक्त आमचा नव्हता. इथल्या मराठी मंडळातली वैभवी म्हणाली, "चमचेकाकू ना? अगं, माझ्या सासूबाईंची पर्स चेक केली होती त्यांनी. त्या दिवसापासून कुणी जात नाही त्यांच्याकडे." लीड्समधल्या मराठी लोकांनी काकूंना असं परस्पर वाळीत टाकलं होतं. काकूंनाही त्याचं फारसं वाटत असावं असं दिसलं नाही.

मी जात राहिले. एकट्या बाई आहेत, आपल्या आहेत, वगैरे कारणं मी अवधूतला सांगायचे. खरं कारण म्हणजे मला कशाचा तरी वास लागला होता. ही बाई काहीतरी लपवतेय असं माझं मत झालं होतं आणि असं मत झालं की मला चैन पडत नाही. त्यांच्या कमरेला नाडीला बांधलेल्या किल्ल्या असायच्या. एका खोलीतून दुसरीत जाताना त्या मागचं दार कुलूप लावून बंद करायच्या. सुऱ्या वेगळ्या ड्रॉवरमध्ये, त्यालाही कुलूप. संध्याकाळी सहाला घरातली प्रत्येक कडी ओढून बघायच्या. आणि खिडकीत बसून लाल पुठ्ठ्याच्या वहीत काहीतरी लिहायच्या. मी गाडी काढताना ती वही हमखास उघडी असायची.

फेब्रुवारीत नीलचा फोन आला. नील पन्नाशी उलटलेला, जन्म इथलाच. मराठी बोलतो, पण ती त्याच्या तोंडात थोडी लंगडत चालते.

"सुचेता, आईनी परवा पॅन जाळला. फायर अलार्म वाजला, आणि तिला ऐकूच नाही आली. आईचा मेमरी खराब झाली आहे असं मला वाटते. मेमरी क्लिनिकची नर्स घरी येणार, असेसमेंटला. मी स्लाऊला, मला काय दिसत नाही. तू रोज बघते. थोडे नोट्स ठेवशील? जे ऑड वाटेल ते फक्त."

"आणि असेसमेंटनंतर?"

"इकडे जवळ एक केअर होम आहे. खोली बघून ठेवला आहे. चांगला आहे. पण आई हो म्हणणार नाही. नर्सनी लिहिलं तर म्हणेल."

म्हणजे माझ्या नोट्सवर काकूंचं घर ठरणार होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मी निळ्या कव्हरची वही आणली. क्लेमच्या फायलीत लिहिते तसं लिहायला लागले, तारीख, वेळ, काय दिसलं. दारं कुलूपबंद. सुऱ्या लपवते. शेजाऱ्यांवर पाळत. पाहुण्यांची झडती. आणि एक कबूल करते, मला मजा येत होती. दोन वर्षं ही बाई माझ्या पर्समध्ये डोकावत होती, आता मी तिच्या डोक्यात डोकावत होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी डब्यातून उपमा घेऊन गेले. काकूंच्याच चमच्यानं दोघींना वाढला, आम्ही खाल्ला, उरलेल्याचा डबा बंद करून मी पिशवीत टाकला. मग नेहमीची मोजणी. काकूंनी एकदा मोजले, मग पुन्हा मोजले.

"सतरा," त्या म्हणाल्या. "एक तुझ्याकडे आहे."

"काकू, माझ्याकडे कशाला असेल?"

"बघ."

मी पर्स टेबलावर उपडी केली. पाकीट, किल्ल्या, लिप बाम, पार्किंगची तिकिटं, एक अर्धवट खाल्लेला चॉकलेटचा तुकडा. चमचा नव्हता. काकूंनी त्या पसाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "तुझ्याकडेच आहे." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी सगळं पर्समध्ये कोंबलं, पिशवी उचलली आणि निघाले. इतका अपमान माझा सासरीही कुणी केला नव्हता.

घरी येऊन चपलाही न काढता मी नीलला ईमेल लिहिली. एकूण सात मुद्दे. पहिला मुद्दा असा: 'माझ्यावर चमचा चोरल्याचा आळ घेतला. चमचे सगळे जागेवर होते, मी स्वतः मोजले, अठरा.' मी मोजले नव्हते. रागाच्या भरात लिहिलं. दुसऱ्या कुणाच्या फायलीत असं वाक्य सापडलं असतं तर मी त्याखाली लाल रेघ मारली असती.

नीलनं 'थँक्यू, धिस इज व्हेरी यूसफुल' असं उत्तर पाठवलं.

चौथ्या दिवशी फ्रिज साफ करताना मागे सरकलेला डबा सापडला. उपम्यावर बुरशी यायला लागली होती आणि त्यात चमचा रुतलेला होता, काकूंचा, दांड्यावर द्राक्षाची वेल कोरलेला.

मी तो धुतला. पुसला. ओट्यापाशी नुसती उभी राहिले. माझ्यावरचा आळ खोटा नव्हता तर. आता सरळ शेजारी जायचं, दार वाजवायचं, हसून सांगायचं, इतकं सोपं होतं. पण मग पहिला मुद्दा खोटा ठरत होता, आणि 'मी स्वतः मोजले' याचं काय करायचं? बाकीचे सहा मुद्दे तर खरेच आहेत, मी स्वतःला म्हटलं. पॅन जळला हेही खरं. एका चमच्यानं काय फरक पडतो. मी तो किचन पेपरमध्ये गुंडाळून टेकअवेच्या मेन्यूंखाली ड्रॉवरमध्ये सारला. अवधूतलाही सांगितलं नाही. मला माझीच लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो. तो राग मी पुन्हा काकूंवरच काढला.

असेसमेंट सोमवारी सकाळी अकराला होती. आदल्या शनिवारी दुपारी आमचं दार वाजलं. दोन वर्षांत काकू कधी आमच्या दारात आल्या नव्हत्या. कोट, हातमोजे, पर्स, सगळा जामानिमा करून उभ्या होत्या.

"गाडी काढ. मला तिकडे जायचंय."

"कुठे?"

"कामावर."

मी मनात आठवा मुद्दा लिहून टाकला. मग त्यांनीच तो खोडला. "तशी बघू नकोस. बंद पडलंय ते मला माहीत आहे. मी तिथे शेवटच्या दिवशी हजर होते."

पाच मिनिटांचा रस्ता. लाल विटांची लांबच लांब इमारत, वर घड्याळाचा मनोरा, खाली चकचकीत गाड्या आणि 'हॉलोफील्ड पार्क रेसिडेन्सेस' अशी पाटी. काकू काठी टेकत चालायला लागल्या आणि चालता चालता बोलायला लागल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, म्हणून मी सावध झाले. हिला माझ्याकडून काय काढून घ्यायचंय?

"सकाळी सहाला दिवे लागायचे. माझा वॉर्ड एफ फोर, बायकांचा. शेहेचाळीस पलंग, दोन पलंगांमध्ये एक लॉकर मावेल एवढीच जागा. कपडे कुणाचेच स्वतःचे नाहीत. लाँड्रीतून गठ्ठा यायचा, त्यातलं अंगाला बसेल ते घालायचं. आज तुझ्या अंगावर असलेला फ्रॉक पुढच्या आठवड्यात दुसरीच्या. शुक्रवारी आंघोळ, यादीप्रमाणे. नऊला कामावर. पुरुष शेतावर, बायका लाँड्रीत नाहीतर शिवणखोलीत. ज्यांना ते झेपायचं नाही त्या वेताच्या टोपल्या विणायच्या. एक आजी रोज टोपली विणायची आणि रोज उसवायची. आम्ही तिला विचारायचो नाही. तुझं घर आहे ना, तिथे आर्थर म्हणून एक होता, तो बटाटे काढायचा. प्रत्येक बटाट्याला गुड मॉर्निंग म्हणायचा."

नाचाच्या हॉलमध्ये आता फ्लॅटवाल्यांची जिम आहे. काचेतून दोघंजण ट्रेडमिलवर पळताना दिसत होते. काकू बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"दर बुधवारी इथे डान्स. पुरुष डावीकडच्या दारानं, बायका उजवीकडच्या. आम्ही नर्सा भिंतीला लागून उभ्या. एक तास नाच, मग एक बन आणि चहा, मग मोजून परत. शनिवारी सिनेमा. उन्हाळ्यात स्पोर्ट्स डे. चमच्यात अंडं धरून पळायची शर्यत असायची. पळणाऱ्या बारा आणि चमच्यांवर लक्ष ठेवायला आम्ही चौघी."

मला हसू आलं. काकू हसल्या नाहीत.

"सगळं मोजायचं. शिवणखोलीत सुया, बागेत खुरपी, जेवणानंतर काटे, सुऱ्या, चमचे. मोजणी बरोबर आल्याशिवाय टेबलावरून कुणी उठायचं नाही. आम्हीसुद्धा नाही. मग सिस्टर म्हणायची, काउंट करेक्ट. की सगळ्या उठायच्या."

पार्किंगच्या कडेला एक बाक होता. तिथे एफ फोरचा व्हरांडा होता असं काकू म्हणाल्या आणि बसल्या. मग त्यांनी मला विनिफ्रेडची गोष्ट सांगितली.

विनिफ्रेड पन्नाशीची होती. नवरा आणि मूल एकाच हिवाळ्यात गेल्यावर तिचं डोकं फिरलं होतं आणि तिला इथे आणलं होतं, त्याला पंचवीस वर्षं झाली होती. आल्या आल्या तिनं एक चमचा दगडावर घासून टोकदार केला होता आणि खिडकीचे स्क्रू काढायला लागली होती. ते तिच्या फायलीत होतं. पुढे ती शांत झाली, बरी झाली. शिवणखोलीत बटणांची काजं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. काकूंना इंग्लंडातला पहिला हिवाळा सोसेना, तेव्हा तिनं त्यांच्या युनिफॉर्मच्या आतून फ्लॅनेलचं अस्तर लावून दिलं होतं. १९६४ साली वरून हुकूम आला की ज्यांना घर आहे त्यांना घरी पाठवा. विनिफ्रेडची धाकटी बहीण स्कारबराला राहायची. ती न्यायला तयार झाली. तिनं सोमवारी अकराला यायचं ठरलं.

"त्याच्या आधीच्या गुरुवारी दुपारी मोजणी माझ्याकडे होती," काकू म्हणाल्या. "पंचेचाळीस आले. मीच ओरडले, एक कमी आहे म्हणून."

वॉर्ड बंद झाला. गाद्या उलट्या केल्या, लॉकर रिकामे केले, बायकांना कपडे उतरवायला लावले. चमचा मिळाला नाही. मग सिस्टर हॅटननं फायली काढल्या आणि विनिफ्रेडच्या फायलीत तो जुना चमचा होताच. तिची तीनदा झडती घेतली. तिसऱ्या वेळी विनिफ्रेडला हसू फुटलं. सिस्टरनं काकूंना सांगितलं, लिही. काकूंनी वॉर्डच्या वहीत लिहिलं: झडती चालू असताना कारण नसताना हसली.

"कारण होतं की. आठ नर्सा गुडघ्यांवर रांगतायत, एका चमच्यासाठी. मलाही हसू येत होतं. पण मी नर्स होते. माझं कोण लिहिणार?"

डॉक्टरांनी ते वाचलं आणि सोमवारचं जाणं पुढे ढकललं.

रविवारी ड्युटी संपवून काकू नर्सेस होममधल्या त्यांच्या खोलीत गेल्या. तिथलं जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नसे. आईनं मिरजेहून लिंबाचं लोणचं पाठवलं होतं. थोडं एका काचेच्या बाटलीत घालून त्या पर्समध्ये ठेवायच्या आणि वॉर्डच्या किचनमध्ये उभ्या उभ्या पावाबरोबर खायच्या. त्या संध्याकाळी, गुरुवारनंतर पहिल्यांदाच, त्यांनी बाटली उघडली. आत चमचा होता.

"लोणच्याला ओला, खरकटा हात लावायचा नाही हे अंगात भिनलेलं. म्हणून गुरुवारी वॉर्डातला कोरडा, स्वच्छ चमचा घेतला. आणि घरी बरणीत ठेवतो तसा आतच ठेवून झाकण लावलं. डोक्यात सुद्धा नव्हतं की तो चमचा मोजणीतला आहे."

"मग सांगितलं नाहीत?"

"माझ्याआधी त्रिनिदादची एक मुलगी साबणाची वडी नेताना सापडली होती. तिला परत पाठवलं. मला वाटलं, मलाही पाठवतील. चोर म्हणून मिरजेला उतरायचं? आणि झडती मीच सुरू केली होती. म्हटलं, एक-दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे." काकूंनी काठी मांडीवर आडवी घेतली. "सोमवारी सकाळी विनिफ्रेड हॅट घालून पलंगावर बसली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हॅटला पिन असते ना. ती मी काढून घेतली. नियम होता."

बहिणीला फोन करून येऊ नका म्हणून कळवलं होतं. ती त्यानंतरही कधीच आली नाही. विनिफ्रेड आणखी सात वर्षं एफ फोरमध्ये राहिली आणि तिथेच न्यूमोनियानं गेली.

काकूंनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून एक लहानसा चमचा काढून माझ्या हातावर ठेवला. दांड्यावर हॉस्पिटलची आद्याक्षरं आणि खाली 'एफ ४'. टोकाकडे लोणच्यानं खाल्ल्याचे काळे डाग.

"नील म्हणतो, मी लोकांना चोर समजते. मी लोकांना नाही समजत. चमचा कमी आला की मला पहिली माझीच पर्स आठवते." त्यांनी चमचा परत घेतला. "तुझ्या वहीत काय आहे ते मी विचारणार नाही."

"कुठली वही?"

"निळी. एकतीस वर्षं मी माणसांवर लक्ष ठेवून लिहिलंय, सुचेता. माझ्यावर कुणी लिहायला लागलं तर मला कळणार नाही?"

आम्ही परत निघालो. आणि आता माझा स्वभाव बघा. डोळे भरून आले होते, तरी मनात हिशेब चालूच होता. सोमवार, अकरा वाजता. आमचीही अपॉइंटमेंट सोमवारी अकरालाच. चमचा, पर्स, मोजणी, सगळं नेमकं कसं जुळतं? ही गोष्ट खरी, की मला कोंडीत पकडायला रचलेली? चमचा तिच्याकडे सापडला यावरून एवढंच सिद्ध होतं की तिनं चमचा चोरला. ऑफिसात मी असाच विचार करते. घरी येऊन मी मेन्यूंखालचा चमचा बाहेर काढला, पर्समध्ये टाकला, पुन्हा काढला, पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला. रविवारी दिवसभर हेच. अवधूतनं विचारलं, "काय शोधतेयस?" मी म्हटलं, "काही नाही."

सोमवारी नील स्लाऊहून गाडी चालवत आला. नर्सचं नाव हॅना, तरुण, मृदू आवाजाची. काकूंनी चहा केला, चिवडा वाढला. मग प्रश्न सुरू झाले. वार सांगितला, महिना सांगितला, तारीख चुकली. घड्याळ बरोबर काढलं. लक्षात ठेवायला सांगितलेल्या तीन शब्दांपैकी दोन आठवले, तिसऱ्यापाशी काकू अडल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. या बाईला आपलं घर हवं होतं, बस.

हॅनानं कागद उलटला. माझी ईमेल नीलनं इंग्रजीत करून तिला पाठवली होती. ती म्हणाली, सुऱ्या, किल्ल्या, कुलपं या सवयी जुन्या नोकरीच्या असू शकतात, त्याची तिला तितकी काळजी वाटत नाही. पॅनसाठी ऑटोमॅटिक बंद होणारी शेगडी मिळते. "पण हा पहिला मुद्दा. चमचे सगळे होते, शेजारणीनं स्वतः मोजले, तरी मिसेस कारखानीस चोरीवर ठाम राहिल्या. जे घडलंच नाही ते घडलं असं वाटणं, हे वेगळं आहे."

"हा चमच्याचा गोष्ट मेन आहे," नील हळूच मला म्हणाला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या बशीकडे बघत होत्या. बोलल्या असत्या तर मी भांडले असते, मला ते जमतं.

मी पर्स उघडली. किचन पेपर सोडवला आणि चमचा टेबलावर ठेवला.

"हा माझ्याकडे होता," मी म्हटलं, आधी मराठीत, मग हॅनासाठी इंग्रजीत. "उपम्याच्या डब्यात गेला होता. चौथ्या दिवशी सापडला. मी सांगितलं नाही. आणि मी मोजले नव्हते. ते मी खोटं लिहिलं."

नील माझ्याकडे बघतच राहिला. "पण तू म्हणाली होती, तू काउंट केला."

"हो. म्हणाले होते."

हॅनानं पेन उचललं आणि त्या मुद्द्यावर आडवी रेघ मारली. मग तिनं नीलला सांगितलं की आजच्या भेटीवरून आईंना घरातून हलवा असं ती लिहिणार नाही. स्मरणशक्ती थोडी उतरली आहे, सहा महिन्यांनी पुन्हा येईन, तोपर्यंत दिवसातून एकदा कुणी येऊन जावं. नीलनं मान हलवली. त्याला सुटल्यासारखं वाटलं की वाईट वाटलं ते मला कळलं नाही. हॅनानं कागद बॅगेत भरले आणि खुर्ची मागे सरकवली.

काकूंनी हात वर केला. हॅना बसली.

काकूंनी बशांमधले चमचे गोळा केले. ड्रॉवरमधले काढले. मी ठेवलेला उचलला, पदरानं पुसला आणि ओळीच्या शेवटी ठेवला. मग बोट लावून मोजायला लागल्या. कुणी हललं नाही. शेवटच्या चमच्यावर त्यांचं बोट जरा जास्त वेळ थांबलं.

"अठरा," त्या म्हणाल्या. मग वॉर्डात म्हणत असतील त्याच आवाजात, "काउंट करेक्ट. उठा आता."

सगळे उठले. नील हॅनाला गाडीपर्यंत सोडायला गेला. मी शेवटी निघाले. दारात काकू उभ्या होत्या आणि त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. मी स्वतःच पर्स उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घाई केली नाही, एकेक कप्पा नीट पाहिला.